पासपोर्ट बदलायचाय? आधी वर्गणीची वही काढा

"मग आता भैरोबाच्या यात्रेला यायला तुला व्हिसा लागणार का रे?"

जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करतोय असं सांगितल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर विचारलेला पहिला प्रश्न हा. मी बिचारा आठवडाभर तयारी करून बसलेलो, देशप्रेम म्हणजे नेमकं काय, जग कसं जवळ आलंय, पोरीचं भविष्य वगैरे, सगळं भाषण पाठ होतं, आणि अण्णांना हवं होतं फक्त हो का नाही. आणि खरं सांगायचं तर तेवढंच मला नीट माहीत नव्हतं.

तर ज्यांना परदेशात आठ-दहा वर्षं झालीत, फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय पण सबमिट करायला हात उचलत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. देश मोठा की जग मोठं या वादात पडून काही हाती लागत नाही, मी पडून बघितलंय. एक जण "मातृभूमी विकली" म्हणतो, दुसरा "मी ग्लोबल सिटिझन, बॉर्डर मानत नाही" म्हणतो आणि रात्री दोनपर्यंत फॉरवर्ड चालू राहतात. मी आणि बायकोनी निर्णय कसा केला ते सांगतो, आणि आधीच सांगून ठेवतो की आमची दोघांची उत्तरं वेगवेगळी आली.

पहिलं काम म्हणजे कागद हा कागद म्हणूनच वाचा. निम्मी मंडळी इथेच घसरतात. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व न सोडता जर्मन व्हायची मुभा दिली आणि आठ वर्षांची अट पाचवर आणली, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते, आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येणार म्हणून. अहो, जर्मनी हो म्हणाली म्हणून भारत थोडाच हो म्हणतो! आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ अगदी सरळ आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व तिथेच संपलं, तुम्ही पासपोर्ट परत केलाय की कपाटात ठेवलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या दुपारी इथलं सर्टिफिकेट हातात पडतं त्या दुपारपासून तो निळा पासपोर्ट वापरायचा नाही, वापरलात तर दंड. तो सरेंडर करायचा, त्याचा दाखला घ्यायचा, मग ओसीआयला, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाला, अर्ज करायचा.

आता ओसीआय. नावात सिटिझन आहे म्हणून लोक फसतात. २००५ पासून ही सोय आहे, २०१५ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांचं जुनं पीआयओ कार्ड पण त्यातच विलीन केलं, पण ते नागरिकत्व नाहीच, जन्मभराचा व्हिसा आहे, जरा बऱ्या कपड्यातला. कितीही दिवस राहा, फ्लॅट घ्या, खातं ठेवा, देशातल्या विमानाचं भाडं भारतीयांना लागतं तेच. मत मात्र देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन राहते, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव काही कोणी खोडत नाही, पण ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मार्च २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण असलं काही करायचं तर वेगळी परवानगी लागते. (लिंगाण्याला दोर लावला तर ते गिर्यारोहण धरायचं का, यावर आमच्या ट्रेकर मित्रांचं अजून एकमत झालेलं नाही.)

आणि ही सोय सरकारनं दिलेली आहे, सरकार ती थांबवूही शकतं. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा १३ तारखेपासून ओसीआयवाल्यांचा बिनव्हिसा प्रवास बंद झाला. मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना घरी आणणारी वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली तेव्हा सुरुवातीला ती भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी होती. माझा एक मित्र, आई गेली मेच्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या इमारतीतला पोरगा नाव नोंदवून घरी गेला आणि हा व्हिडिओ कॉलवर दहावा बघत बसला. २२ मेला अशा घरच्या अडचणीतल्या ओसीआयवाल्यांना थोडी मोकळीक मिळाली, तोपर्यंत तेरावं सुद्धा होऊन गेलेलं. तो एरवी आमच्यातला सगळ्यात मोठा "जग हेच माझं घर" वाला. त्या वर्षानंतर हे वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. अर्ज करण्याआधी हा प्रसंग डोळ्यासमोर आणा, घाबरायला नाही, किंमत कळायला.

कागद वाचून झाला की वही घ्या. खरोखरची वही, एक्सेल नको, एक्सेलमध्ये माणूस खोटं लिहितो.

आमच्याकडे गावात कोण आपला हे ठरवायची पद्धत सोपी आहे, यात्रेची वर्गणी कोण देतो. मुंबईला राहा, दुबईला राहा, दर चैत्रात वर्गणी आली, पालखीला खांदा द्यायला आलास की तू गावचा. गावातच राहून वर्गणीला दार लावून घेणारे पण आहेत, त्यांना गाव काय म्हणतं ते इथे लिहीत नाही. तर वहीत तसंच लिहा. गेल्या तीन वर्षांत पैसा कुठे गेला, वेळ कुठे गेला, मत कुठे दिलं किंवा द्यायची इच्छा झाली. फीलिंग लिहू नका, १५ ऑगस्टला डीपी बदलला होता हे तर अजिबात लिहू नका.

माझ्या वहीत काय निघालं? कर इथे, कारण बहुतेक देशांत कर तुम्ही राहता कुठे त्यावर ठरतो, पासपोर्टवर नाही (अमेरिका अपवाद, ती आपल्या नागरिकाला जगाच्या टोकावर पण सोडत नाही). वेळ इथे, पोरीच्या शाळेची पालक समिती, आमच्या भागातल्या फायर ब्रिगेडच्या स्वयंसेवकांत मी दोन वर्षं आहे. पैसा तिथे, यात्रा, शाळेच्या छपराची दुरुस्ती, चुलतभावाची फी. मत, दोन्हीकडे शून्य. नऊ वर्षं मी कुठेच मत दिलेलं नव्हतं. हे बघून मात्र मला वाईट वाटलं, म्हणजे मी दोन देशांचा आहे असं सगळ्यांना सांगत फिरत होतो आणि कुठल्याच देशानं माझं मत मोजलेलं नव्हतं.

बायकोचं बघा. ती मे २०२४ मध्ये लोकसभेला सांगलीला जाऊन मत देऊन आली, ७ तारखेला, त्या उन्हात. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून मतदार होता येतं, २०११ पासून, पण मत पोस्टानं किंवा ऑनलाइन देता येत नाही, पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. तिकिटाचे पैसे मी विचारायचे नाहीत अशी अट होती. ती एकुलती एक, आई-वडील सांगलीत, पुढेमागे परत जाऊन द्राक्षबागेला लागून असलेला तुकडा घ्यायचा तिच्या डोक्यात पक्कं आहे, आणि ओसीआयवर तो घेता येणार नाही. तिच्या वहीत उत्तर पहिल्या पानावरच होतं. तिनं निळा पासपोर्ट ठेवला. तिची देशभक्ती जास्त आणि माझी कमी असं काही नाहीये, हे तिच्या मामांना पटवून सांगायचं काम अजून चालू आहे.

वहीत एक रकाना लाजेचा ठेवा. कुठल्या बातमीनं तुमची मान खाली जाते ते बघा. अभिमान काय, माणसाला मेस्सीचा पण वाटतो, लाज मात्र आपल्याच माणसांची वाटते. मला पुण्यातली एखादी टेकडी फोडलेली बघून लाज वाटते आणि इथे स्टेशनवर कोणी हिजाबवाल्या बाईला टोमणा मारला तर तेवढीच वाटते. दुसरी लाज कधी सुरू झाली ते आठवत नाही, पण ती सुरू झाली तेव्हाच मी निम्मा इथला झालो असणार.

मग शपथ वाचा. मोठ्यानं, आरशासमोर, आणि कुठल्या देशाची घेताय त्यानुसार उत्तर बदलू शकतं हे लक्षात ठेवा. अमेरिकेच्या शपथेत आधीच्या राजा-सत्ता-देशाशी असलेली सगळी निष्ठा पूर्णपणे सोडतो असं म्हणावं लागतं, आणि वेळ पडल्यास शस्त्र उचलीन हे पण. ब्रिटन आणि कॅनडात राजाशी निष्ठा, म्हणजे आपल्या आजोबांनी ज्यांना घालवायला तुरुंग भोगला त्यांच्याच गादीला हात वर करून हो म्हणायचं, टोरंटोतला माझा मावसभाऊ म्हणाला की त्या वाक्याला त्यानं ओठ हलवले फक्त.

जर्मनीची शपथ एका वाक्याची आहे. मी राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन आणि देशाला अपाय होईल असं काही करणार नाही. झालं. कोणाला सोडतोय हे नाही, मातीचं-रक्ताचं काही नाही. आणि अर्जासोबत ज्या घोषणापत्रावर सही करावी लागते त्यात २०२४ पासून आणखी एक गोष्ट आली, नाझी राजवटीच्या अन्यायाची आणि त्याच्या परिणामांची जर्मनीवरची खास ऐतिहासिक जबाबदारी मला मान्य आहे, विशेषतः ज्यू लोकांच्या संरक्षणाची, आणि लोकालोकांनी शांततेनं एकत्र राहणं आणि आक्रमक युद्धावरची बंदी पण मान्य आहे. मी दोनदा वाचलं. साताऱ्याकडचा माणूस, माझ्या घरातल्या कोणी १९४० च्या दशकात जर्मनी नकाशावर पण बघितली नसेल, आणि मी त्यांच्या पापाची जबाबदारी सही करून घेणार. विचित्र वाटतं का? मला आधी वाटलं. मग विचार केला की गावात जमीन वाटून घेताना कर्ज पण वाटून घेतातच की, नुसता ऊस कोणाला मिळतो.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून फुटपाथमध्ये पितळेचे दोन छोटे चौकोन बसवलेत, तळहाताएवढे, त्याच घरात राहणाऱ्या ज्यू नवरा-बायकोची नावं, जन्मसाल, कुठल्या नाझी छावणीत नेलं ते. १९९० च्या दशकात एका कलाकारानं हे पितळी पत्र्याचे स्मृतिदगड बसवायला सुरुवात केली, आता युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. पोरीनं एकदा विचारलं की हे लोक कुठून आले होते, मी म्हटलं कुठूनच नाही, इथलेच होते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांना दुय्यम करून टाकलं, नोव्हेंबर १९४१ च्या एका आदेशानं देशाबाहेर गेलेल्या किंवा नेलेल्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. त्यातले कितीतरी पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले होते. देशावर निष्ठा ठेवली की देश तुम्हाला ठेवतोच असं नाही, हे शपथ घ्यायच्या आधी त्या दगडांपाशी उभं राहून बघून यावं. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू पण बघा, कागद काढून घेतल्यावर त्या माणसांना वाचवायला "सगळं जग" काही आलं नाही, कुठला तरी एक देश व्हिसा देईल म्हणून ते रांगा लावून उभे होते.

म्हणून नुसत्या ग्लोबल सिटिझनवाल्यांशी माझं जमत नाही. हा प्रयोग प्रामाणिकपणे करणारा एक माणूस होऊन गेला, गॅरी डेव्हिस, अमेरिकन बॉम्बर विमानाचा पायलट, युद्धात जे केलं त्याचा उबग येऊन १९४८ मध्ये पॅरिसला जाऊन अमेरिकी नागरिकत्व सोडलं आणि म्हणाला मी जगाचा नागरिक. नंतर स्वतःच जगाचे पासपोर्ट छापले. त्याच्याबद्दल मला आदर आहे कारण त्यानं किंमत मोजली, सीमेसीमेवर अडकला, कितीतरी वेळा कोठडीत गेला. आपल्यातले जे बिझनेस क्लासच्या लाउंजमधून बॉर्डर मानत नाही असं टाकतात त्यांच्या खिशात मात्र एक दणकट पासपोर्ट असतो. सोसायटीचा मेंटेनन्स द्यायची वेळ आली की "मी तर अख्ख्या शहराचा" म्हणणारा शेजारी बघितलाय ना, तसलं आहे ते.

पण मग छोटी निष्ठा नेहमीच बरोबर का? मुळीच नाही, आणि हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. टोळी म्हटलं की आपण आफ्रिका आठवतो, आपल्या टोळीला आपण समाज म्हणतो, भावकी म्हणतो. जातपंचायतींनी लग्नावरून, मयतावरून माणसं वाळीत टाकली म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, आणि असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तिथे मोठ्या निष्ठेनं छोटीचं मनगट धरलं आणि ते बरोबरच केलं. बाबासाहेब आधीही भारतीय आणि शेवटीही भारतीयच असं म्हणायचे तेव्हा समोर त्यांना हेच दिसत असणार, जातीला वितळवणारी कुठलीतरी मोठी भट्टी हवी.

तर घासून बघायची पद्धत मी अशी ठेवलीय. छोटा गट मला सांगतोय का की त्या दुसऱ्याला पाणी देऊ नको, मुलगी देऊ नको, घर भाड्यानं देऊ नको? मग मोठ्याचं ऐकायचं, गाव असेल तर देशाचं, देश असेल तर माणुसकीचं. आणि मोठ्या गटाचं नाव घेऊन मी छोट्याची वर्गणी चुकवतोय का? मग गपचूप छोट्याकडे जायचं आणि पावती फाडायची. आमच्या शहरात मराठी मंडळं दोन आहेत, का दोन ते विचारू नका, मी दोन्हीची फी भरतो आणि एकाच गणपतीला जातो, दुसऱ्याचा मोदक चांगला नसतो.

मोठी ओळख छोटीला न गिळता चालते का, तर चालते, एक चालू उदाहरण मी रोज बघतो. युरोपियन युनियनचं नागरिकत्व, १९९३ पासून. त्याच्या करारातच लिहिलंय की हे राष्ट्रीय नागरिकत्वाच्या जोडीला आहे, त्याची जागा घेत नाही. शेजारचा पोर्तुगीज इथे नगरपालिकेला मत देतो, बर्लिनच्या संसदेला नाही, आणि फुटबॉलच्या दिवशी बाल्कनीत पोर्तुगालचा झेंडा. पण पोर्तुगाल उद्या बाहेर पडला तर त्याचं युरोपियनपण पण गेलं, २०२० मध्ये इंग्रज लोकांचं गेलं तसं. म्हणजे वरचा मजला आहे, पण तो खालच्या भिंतींवरच.

एवढं करून झालं की परीक्षा वगैरे सोपी आहे हो. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, तासभराचा वेळ, ३१० प्रश्नांची यादी आधीच मिळते त्यातूनच येतात. दहावीला घोकंपट्टी केलेल्या माणसाला पंधरा दिवस पुष्कळ. नागरिकत्वाच्या अर्जाची फी मोठ्या माणसाला २५५ युरो. तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची जी झटपट सोय होती ती २०२५ मध्ये काढून टाकली, जुनी माहिती वाचून कामाला लागू नका.

घरी सांगताना व्हॉट्सॲपवर सांगू नका. फोन करा, आणि शक्यतो आईच्या आधी वडिलांना, की आधी आईला, ते तुमचं तुम्हाला माहीत. तत्त्वज्ञान नको. येणं-जाणं, जमीन, शेवटची आजारपणं, या तीन गोष्टींची पक्की उत्तरं घेऊन बसा, ते त्याच विचारतात. मला वाटलं होतं अण्णा देशावरून रागावतील, निवृत्त मास्तर आहेत, प्रतिज्ञा पाठ करून घेण्यात आयुष्य गेलंय. ते म्हणाले, "भारत माझा देश आहे म्हणताना पुढं सारे भारतीय माझे बांधव आहेत असं पण होतं. तू तिथं कुणाचा बांधव झालास का तेवढं सांग." मी फायर ब्रिगेडचं सांगितलं. "आग विझवतोस? मग ठीकाय."

शेवटची एक सूचना आणि ही माझ्या चुकीतून आलेली. सर्टिफिकेट मिळालं की सरेंडर आणि ओसीआयचे कागद त्याच आठवड्यात गोळा करायला घ्या. फोटोची मापं, जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्स, आई-वडिलांचे कागद, एकात नाव "राव" लावून आणि एकात न लावता, यात दिवस जातात. मला सर्टिफिकेट मिळालं नोव्हेंबर २०२४ ला. २३ फेब्रुवारी २०२५ ला आयुष्यातलं पहिलं जर्मन मत दिलं, केंद्रातून बाहेर येताना उगाचच पाठ सरळ झाली होती, संध्याकाळचे निकाल बघून परत वाकली. या सगळ्या कौतुकात मी ओसीआयचा अर्ज मार्चपर्यंत टाकलाच नाही, आळस माझाच, आणि एप्रिलमध्ये यात्रा.

त्यामुळे भैरोबाला मी ई-व्हिसा काढून गेलो. टुरिस्ट. वेशीवर अण्णा चार लोकांत उभे होते, मला बघून ओरडून म्हणाले, "अरे खुर्ची द्या, पाहुणे आलेत!" वर्गणीची पावती मात्र आधीच फाडलेली होती, नावापुढं पत्ता गावचाच, आणि रात्री छबिन्याला खांदा द्यायची पाळी आली तेव्हा व्हिसा कोणी विचारला नाही.